वारा लागू नये म्हणून

माझी थोरली मुलगी सव्वा महिन्याची झाली तेव्हा जानेवारी होता आणि निपाणीला थंडी मी म्हणत होती. पहिलं बाळंतपण माहेरी, मग सव्वा महिन्यानं सासरची माणसं न्यायला येणार, हे ठरलेलंच होतं. सासर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. एस.टी.नं तास-सव्वा तासाचा रस्ता. पण आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, निरोप पाठवला की एस.टी. नको, तिच्या खिडक्या लागत नाहीत, बाळंतिणीला वारा बाधतो. भाऊजींची गाडी घेऊन मीच येते.

भाऊजी म्हणजे माझे चुलतसासरे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांची गाडी विलायती, जुनी, एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतलेली. दारं दोनच. मागं बसायचं तर पुढची सीट पाडून वाकून आत शिरायचं. मागच्या काचा कायमच्या बसवलेल्या, त्या उघडत नसत. काकांच्या बाजूची काच एकदा खाली केली की दारात पडायची आणि दोघांनी ओढल्याशिवाय वर यायची नाही, म्हणून ते तिला हात लावत नसत. आणि या गाडीला हीटर होता. कोल्हापुरात हीटर कशाला लागतो? काकांनीही तो कधी लावला नव्हता. पण गाडी बघायला आलेल्या प्रत्येकाला ते हीटरचं बटण दाखवत.

माझे यजमान शाळेत शिक्षक, त्यांना रजा मिळाली नाही. ते बरोबर असते तर पुढचं टळलं असतं, असं मला कधी वाटलं नाही. त्यांनीही आईचंच ऐकलं असतं.

राहुकाळाच्या आधी निघायचं म्हणून पहाटेच उठवलं. आईनं मला आणि मुलीला ओवा, वावडिंग आणि लसणाच्या सालींची धुरी दिली. माझं लुगडं, केस, मुलीच्या गोधड्या, सगळ्याला धुराचा वास. माझ्या कानांत कापूस, वरून घट्ट रुमाल. मुलीला झबलं, टोपडं, दुपटं, दोन गोधड्या आणि शाल. आजोळचा लाकडी पाळणा पुढच्या डाव्या सीटवर दोरीनं आवळून बांधला. त्याचा एक खूर दाराला टेकत होता, म्हणून ते दारही दोरीनं बांधून टाकलं. मी मागं पाळण्याच्या बाजूला, मुलगी माझ्या मांडीवर, आत्याबाई काकांच्या मागं, आमच्यामध्ये आणि पायाशी डबे आणि बोचकी.

मग आईनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणल्या आणि दारांच्या, काचांच्या फटी बाहेरून एकेक करून बुजवल्या. आत्याबाई आतून हात फिरवून कुठं वारा लागतो का ते बघत होत्या आणि बोटानं फट दाखवत होत्या. दोन विहिणींचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. काका शेवटी बसले. त्यांचं दार लागल्यावर त्या फटीत त्यांनी स्वतःच आतून चिंधी कोंबली.

गाव मागं पडल्यावर काका म्हणाले, "वैनी, आता बघा गंमत," आणि त्यांनी ते बटण ओढलं. पुढं कुठंतरी घरघर झाली. आधी जळक्या धुळीचा वास आला, मग पायांशी गरम हवा.

"भाऊजी, गाडीत चूल पेटवलीया व्हय?"

"चूल न्हाय, हीटर. साहेबाच्या देशात ह्याच्याशिवाय गाडी बाहेर काढत न्हाईत."

आत्याबाईंनी हात पुढं करून हवा तपासली आणि असू दे, पोरीला शेक मिळेल, म्हणाल्या. मलाही बरं वाटलं. कंबर दुखत होती, ती ऊब लागताच मोकळी झाली. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं घरात असं बोललं गेलं की सूनच तेवढी शहाणी निघाली. तसं नव्हतं. हीटर लावल्याचा आनंद मलाही झाला होता.

पंधरा-वीस मिनिटांनी उकडायला लागलं. रुमालाखाली घाम. मी काकांना म्हटलं, जरा कमी करा. त्यांनी बटण आत दाबलं, ओढलं, पुन्हा दाबलं, आणि ते बटण वीतभर तारेसकट त्यांच्या हातात आलं. त्यांनी ते गुपचूप शर्टाच्या खिशात टाकलं. मी मागून पाहिलं. "होतंय आता कमी," असं म्हणाले. कमी काही झालं नाही. घरघर चालूच राहिली.

दूधगंगेच्या पुलाच्या अलीकडं उसाच्या बैलगाड्या लागल्या. कारखान्याकडं निघालेली रांग, पुढचं टोक दिसत नव्हतं. त्या वेळी तो रस्ता अरुंद होता आणि समोरून एकामागून एक ट्रक येत होते. काकांना पुढं काढता येईना. आम्ही बैलाच्या चालीनं चाललो. थोडं जायचं, थांबायचं, इंजिन गुरगुरत ठेवायचं, पुन्हा थोडं जायचं.

माझं डोकं ठणकायला लागलं. मला वाटलं, रुमाल घट्ट झालाय. मी गाठ सैल केली, आत्याबाईंनी पुन्हा आवळली. खिडकी जरा उघडायला सांगा म्हटलं, तर त्यांनी मला चांगलं सुनावलं. बाळंतिणीचं डोकं दुखतंच, आत वारं शिरलं तर जन्मभर दुखेल, मग सासूनं सांगितलं नाही असं म्हणशील. गाडीत धुराचा वास होता, पण तो धुरीचा. मळमळत होतं, पण पहाटे उपाशीपोटी डिंकाचा लाडू खाल्ला होता. मुलगी हूं की चूं न करता झोपली होती, पण सकाळच्या गुटीत जायफळाचा वेढा जरा जास्त झाला होता. प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं. म्हणूनच कुणाला शंका आली नाही, मलासुद्धा.

"बघ कशी शाणी हाय नात माझी," आत्याबाई म्हणाल्या. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. त्यांची मान डब्यावर कलली.

पूल ओलांडला असेल-नसेल, माझं दूध वाहायला लागलं. तिची प्यायची वेळ झाली होती. त्या वेळेला ती रोज घर डोक्यावर घ्यायची, एक मिनिट इकडं-तिकडं चालत नसे. माझी चोळी भिजली आणि ती मात्र गप्प. मी गोधडी उलगडली. तिला छातीशी धरलं तर तोंड उघडेना. गाल छान लाल होते. तिच्या तळव्यात मी बोट ठेवलं. एरवी ती बोट असं धरायची की सोडवून घ्यावं लागे. आता मूठ मिटेना. हात माझ्या बोटावरून घसरून खाली पडला.

मी काकांना हाक मारली, गाडी थांबवा. ते म्हणाले, "हां हां, कागल आलंच." मी पुन्हा ओरडले. "हां हां, कागल आलंच." तिसऱ्या वेळी तेच, त्याच आवाजात. मान वळवून त्यांनी मागं बघितलंही नाही. गाडी रस्त्याच्या कडेकडेला सरकत चालली होती.

धुरात काय असतं, ते मला माहीत नव्हतं. एवढंच दिसत होतं की गाडीतली सगळी माणसं झोपेला आलीत आणि ही झोपायची वेळ नाही. माझे स्वतःचे पाय मला जाणवत नव्हते. डावं दार दोरीनं बांधलेलं, त्याच्याआड पाळणा. उजवीकडं आत्याबाई, त्यांच्यापुढं काका. काका उतरल्याशिवाय मागचं कुणी उतरू शकत नव्हतं, आणि काकांना उतरायचं सुचत नव्हतं. उरली माझ्या शेजारची काच, न उघडणारी.

पायाशी गुटीची पिशवी होती. तिच्यात मुलीची सहाण होती, आईनं दिलेली, दगडाची, चांगली जड. मी मुलीला मांडीवर पालथी घातली, तिच्यावर गोधडी टाकली आणि सहाण दोन्ही हातांनी काचेवर मारली. पहिल्या फटक्याला काही झालं नाही. हातात जोरच नव्हता. दुसऱ्याला चीर गेली. आवाजानं आत्याबाईंनी डोळे उघडले आणि माझा दंड धरला.

"अगं, बाळंतवात झाला का तुला? पोरीला वारा लागंल!"

"लागू दे," मी म्हटलं, आणि तिसऱ्यांदा मारली.

काच बाहेर पडली. त्या आवाजानं काकांचा पाय ब्रेकवर गेला, गाडीला हिसका बसला आणि ती चरीत एक चाक घालून बंद पडली. घरघर थांबली. इतकी गार हवा आत आली की मला पहिल्यांदा ओकारीच आली.

उसाच्या गाड्यांबरोबर चालणारी माणसं धावली. एकानं काकांचं दार ओढून उघडलं आणि "काय झालं, पावणं?" म्हणून विचारलं. काका त्याला कागल आलंच म्हणाले आणि त्याच्या धोतरावर ओकले. मी तोवर काचेच्या कडेवर गोधडी टाकली होती. बाहेर एक ऊसतोडीची बाई उभी होती, डोक्याला फडकं, हातात कोयता. मी म्हटलं, "हिला घ्या. हलत नाही."

तिनं कोयता खाली टाकला आणि मुलीला घेतलं. माझ्या वयाचीच असेल. रस्त्याच्या कडेला बसून तिनं शाल काढली, दुसरी गोधडी काढली, दुपटं सोडलं.

"किती आवळलंय गं ह्येला. मोळी हाय का माणूस?"

टोपडंही काढून टाकलं. जानेवारीच्या त्या वाऱ्यात मुलगी नुसत्या झबल्यावर. बाई तिच्या तळपायांना टिचक्या मारत होती, तोंडावर फुंकर घालत होती, पुन्हा टिचक्या मारत होती. मी काचेतून डोकं बाहेर काढून बघत होते. मला बाहेर पडता येत नव्हतं. काकांना उचलून बाजूला नेलं, सीट पाडायची कशी ते कुणाला कळेना, आणि माझ्या वाटेत आत्याबाई आणि डबे होते. तो वेळ किती होता ते मी सांगू शकत नाही. मुलगी आधी शिंकली. मग तिनं तोंड वाकडं केलं. मग ती रडली, बारीक, कण्हल्यासारखी, आणि पुन्हा, आणि मग नेहमीसारखी.

"हां. रड आता," बाई म्हणाली. तिनं मुलगी दुपट्यात सैल गुंडाळून माझ्याकडं दिली, कोयता उचलला आणि पुढं गेलेल्या गाडीमागं निघाली. मी तिचं गाव विचारलं नाही. तेवढं भान नव्हतं.

मागून आलेल्या एस.टी.नं आम्हाला कागलला सोडलं. तिथले डॉक्टर कमी बोलणारे होते. त्यांनी मुलीला तपासलं, दूध पाजायला लावलं, ती पिते का ते स्वतः उभं राहून पाहिलं. मग आत्याबाईंना सांगितलं की इंजिनचा धूर गाडीत येत होता, त्यातलं विष डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, तो प्रकार हाच. अजून पाव तास गेला असता तर मी काही करू शकलो नसतो. आज दिवसभर सगळ्यांनी मोकळ्या हवेत राहा. आत्याबाईंनी मान हलवली.

गाडीचं नेमकं काय झालं होतं ते पुढं आठवड्यानं कळलं. हीटरला बाहेरची हवा आणणारी नळी कधीच कुजून फाटली होती आणि इंजिनजवळ सायलेन्सरच्या सांध्याला भेग गेली होती. पंखा बाहेरची स्वच्छ हवा ओढायच्याऐवजी तो धूर ओढून आमच्या पायांशी सोडत होता. मिस्त्री काकांना म्हणाला, "ह्ये हीटर न्हाय काका, सायलेन्सरचं तोंडच आत घेतलंय तुमी." काकांनी नळीचं तोंड कायमचं बंद करून घेतलं. गाडी मात्र विकली नाही.

काका कागललाच थांबले. आत्याबाई, मी आणि मुलगी दुसऱ्या एस.टी.नं कोल्हापूरला गेलो. तिच्या खिडक्या खरंच लागत नव्हत्या.

पेठेत दारात बायका भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. ओवाळणं झालं. मुलीच्या डोक्यावर टोपडं नाही म्हणून दोघी-तिघींनी मला नावं ठेवली, मी ऐकून घेतलं. मग जाऊबाई मला बाळंतिणीच्या खोलीकडं घेऊन गेल्या. आत्याबाई आदल्या दिवशी ती खोली स्वतः तयार करून गेल्या होत्या. एकच खिडकी, तिच्यावर काळं घोंगडं ठोकलेलं. बाज. बाजेखाली निखाऱ्यांनी भरलेली शेगडी, नुकतीच फुललेली.

मी उंबऱ्यावर थांबले. आत जाणार नाही असं सांगायचं, हे माझं ठरलं होतं, पण कसं सांगायचं ते ठरत नव्हतं. सव्वा महिन्याची बाळंतीण सासरच्या उंबऱ्यावर उभी राहून नाही म्हणते, हे त्या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. मुलगी माझ्या खांद्यावर जागी होती आणि तिच्या मुठीत माझा पदर होता. मागून जाऊबाई म्हणत होत्या, जा की आत, उभी काय राहिलीस.

आत्याबाई माझ्या बाजूनं आत गेल्या. वाकल्या, पदरानं शेगडी धरून बाहेर आणली, मागच्या अंगणात नेली आणि तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

"आत्याबाई, मग शेक?" जाऊबाईंनी विचारलं.

"अंगणात ऊन पडलंय की. तिथं शेका."

एवढं बोलून त्या पाय धुवायला गेल्या. खिडकीवरचं घोंगडं त्यांनी तसंच ठेवलं होतं. मुलगी जाऊबाईंच्या हातात देऊन मी बाजेवर चढले आणि ते ओढून काढलं.