कोरडी टाकी

आमच्या शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीत पोटभर पाणी पिणारी बाई एकच होती. गोदाकाकू. डबा संपला की त्या उभ्या राहायच्या, स्टीलची बाटली तोंडाला लावायच्या आणि मान मागे टाकून घटाघटा रिकामी करायच्या. तेही शेठच्या केबिनच्या काचेसमोर. बाकीच्या बायका ओठ ओले होतील एवढंच प्यायच्या. मी नवा होतो. मला वाटलं काकूंना साखरेचा आजार असेल, आणि तसं विचारूनही टाकलं. त्या म्हणाल्या, "आजार त्यांना हाय. मला नुसती तहान लागलीय."

कारण साधं होतं. शेडमध्ये बायकांसाठी संडास नव्हता. पुरुष मागच्या भिंतीकडे जात. बायका सकाळी घरून आटोपून येत आणि संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत धरून ठेवत. पाणी प्यायलं नाही की धरणं सोपं जातं, हे तिथलं पहिलं ट्रेनिंग. आणि शेड कसली? भोसरीच्या एमआयडीसीतली, कॅरॅव्हॅन बनवणारी. चाकांवरची घरं. प्रत्येक गाडीत पलंग, ओटा, शॉवर आणि चकचकीत संडास. ते संडास याच बायका बसवत होत्या. मला यात विनोद दिसत नाही. ज्याला दिसत असेल त्याने पुढे वाचू नये.

काकू मात्र दुपारी हात पुसत उठायच्या आणि साऱ्या शेडला ऐकू जाईल असं ओरडायच्या, "शेठ, लघवीला चाललेय पेट्रोल पंपावर. उशीर होईल." शेठ घड्याळाकडे बघायचा. शेठ म्हणजे तिथल्याच जुन्या गावातला माणूस. बापाच्या शेतात एमआयडीसी आली, मुलाच्या हातात शेड आली. तो तोंडाने कधी वाईट बोलला नाही. "काकू, आमच्या गावात तुमाला कुनी तरास दिलाय का? न्हाई ना? मग?" या 'मग'पुढे त्याचं कधी काही नसायचं.

काकू उदगीरकडच्या. नवरा कंपनीत लागला म्हणून काळेवाडीत आल्या, नवरा गेला आणि त्या राहिल्या. शेडमध्ये आल्या तेव्हा जमिनीवर बसून वायरींची टोकं दाबण्याचं काम होतं. पुढे प्लंबर सोडून गेला आणि नवा मिळेपर्यंत काकूंनी पाइप हातात घेतले. नवा कधी मिळालाच नाही, कारण शेठने शोधलाच नाही. अशा रीतीने एका बाईवर दोन माणसांचं काम पडलं, आणि शेठ लोकांना सांगायचा की आमच्याकडे महिलांना पुढे यायची संधी आहे.

शिकवायला त्या वाईट होत्या. अंगावर यायच्या. मी कामगार चळवळीची पत्रकं वाटतो हे कळल्यापासून माझं नाव 'पुढारी' पडलं. "काय करायलास, पुढारी? पायपाच्या खालून वायर? पाणी खाली, वायर वर. पाणी गळलं तर ते वर चढायलंय का?" एकदा मी बेसिनचा जोड घरच्यासारखा आवळून मोकळा झालो. त्यांनी तो हाताने हलवून दाखवला. "घराचा नळ भिंतीला धरून असतो बाबा. हा नळ रस्त्यावर नाचणार हाय. नाचणाऱ्याला नुसतं आवळून भागत नाही, पट्टी लाव." गाडीतली वीज दोन प्रकारची असते, हेही त्यांच्याच शिव्या खात शिकलो. दिवे आणि पाण्याचा पंप बॅटरीवर. एसी आणि गीझर बाहेरून केबल लावली तरच. नळ उघडला की पंप आपोआप सुरू होतो, बंद केला की थांबतो. सगळे नळ बंद असताना पंप घरघरला, की काकू हातातलं काम टाकून गाडीखाली शिरायच्या. "कुठंतरी गळायलंय," म्हणायच्या, आणि सापडेपर्यंत बाहेर यायच्या नाहीत. चूक सापडली की ज्याची असेल त्याची आई-बहीण निघायची. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला डब्यातली शेंगदाण्याची चटणी. माफीबिफी नाही. चटणी.

गाडी द्यायच्या आधी ट्रायल व्हायची. टाक्या भरायच्या, चाकणपर्यंत खड्ड्यांतून फिरवून आणायची आणि मग सगळं चालवून बघायचं. संडासात आधी बादलीभर पाणी ओतायचे. काकूंनी ते बंद पाडलं. शेठला म्हणाल्या, "बादलीनं संडास कळत नसतो. माणूस बसलं पाहिजे." शेठला पटलं, गिऱ्हाइकाला सांगायला बरं होतं. माणूस कोण बसवायचं ते काकूंनी विचारलं नाही. त्या दिवसापासून ट्रायलच्या दिवशी शेडमधल्या सगळ्या बायका पोटभर पाणी प्यायला लागल्या. एकेक जण पाना हातात घेऊन गाडीत चढायची, 'चेकिंग'ला. अनिता नावाची वायरिंगमधली बाई होती, तिला सारखा लघवीचा त्रास व्हायचा, ताप यायचा. डॉक्टर दर वेळी सांगायचा, पाणी जास्त प्या. ती पहिल्यांदा आत जाऊन आली तेव्हा पदर तोंडाला लावून हसत होती. "काकू, आत आरसापण हाय वो!" काकू म्हणाल्या, "आरसा बघायला गेलतीस का? फ्लश झाला का ते सांग."

एका ट्रायलला गिऱ्हाईक वेळेआधी आलं. नवरा-बायको, दोघंही गोड बोलणारे. अनिता आतून बाहेर पडताना त्यांना दिसली. बायको मागे सरकली. शेठने हात जोडले, तिथल्या तिथे संडासाचं भांडं बदलून द्यायचं कबूल केलं. भांड्याला काहीही झालं नव्हतं. ते उखडायचं काम त्याने काकूंनाच सांगितलं. काकूंनी एकेक बोल्ट काढला, भांडं उचलून अनितासमोरून नेलं आणि भंगारात आपटलं. त्यानंतर प्रत्येक गाडीच्या संडासाला कुलूप लागलं आणि किल्ली शेठच्या गाडीच्या किल्लीबरोबर फिरू लागली.

मी कारखाने तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे तक्रार केली. सरकारी साहेब येणार हे शेठला आमच्याआधी कळलं. कसं, ते मला विचारू नका. त्या सकाळी एक कोरी, ट्रायलही न झालेली गाडी गेटजवळ उभी होती, कुलूप काढलेलं, दारावर छापील कागद: 'महिला प्रसाधनगृह'. शेठ साहेबांना म्हणाला, "व्हय साहेब, बायांसाठी आमी असली सोय केलीय. पंधरा दिवस झालं वापरत्यात."

साहेबांनी अनिताला विचारलं, "वापरता ना?"

अनिताने शेठकडे बघितलं. "हो सर."

काकू कोपऱ्यातून बादली घेऊन आल्या. "साहेब, जरा इकडं या." गाडीच्या बाजूला बसल्या, संडासाच्या टाकीच्या तोंडाखाली बादली धरली आणि खटका ओढला. काही पडलं नाही. एक थेंब नाही. काकूंनी टाकीवर बोटांनी वाजवलं, पत्र्याच्या रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. "घाण हितं जमती, साहेब. पंधरा दिवस बाया बसल्या म्हणतेत. मग गेलं कुठं? आम्ही काय बाहुल्या हाव का?"

मला वाटलं, जिंकलो. यापेक्षा नागडा पुरावा जगात असू शकत नाही.

शेठ म्हणाला, "कालच साफ केली, साहेब. स्वच्छता पाळतो आमी."

"आत हात घालून बघा की," काकू म्हणाल्या. "धुतलेली टाकी ओली असती. हिच्यात अजून कारखान्याचा भुगा हाय."

साहेबांनी हात घातला नाही. रुमाल नाकाला लावला, कोऱ्या टाकीसमोर, आणि मागे वळले. केबिनमध्ये चहा झाला. 'महिलांसाठी स्वतंत्र व्यवस्था आढळली' असा शेरा आमच्या तक्रारीवर पडला. दोन दिवसांनी ती व्यवस्था गिऱ्हाइकाकडे रवाना झाली, दारावरचा कागद काढून. आणि शेठ काकूंना म्हणाला, "आता तुमचं वय झालं. घरी बसा. खाली वाकायचं काम हाय हे, उगं काही झालं म्हंजे?"

एकही बाई बोलली नाही. पुरुषही नाही. मी बोललो आणि काकूंच्या पाठोपाठ बाहेर पडलो. त्याने काय फरक पडला? काही नाही. बसस्टॉपवर मी अनिताची बाजू घ्यायला गेलो, की बिचारीला नोकरीची गरज, वगैरे. काकू फाडकन म्हणाल्या, "मला नव्हती का? माझ्या देखत हो म्हणाली ती. तिला माफ करायला मी काय देवी हाय?"

गावी भावाकडे जायचं ठरल्यावर त्यांनी मला काळेवाडीच्या खोलीवर बोलावलं. भांडी पोत्यात भरत होत्या. मी नवं पत्रक लिहून नेलं होतं. वाच म्हणाल्या. मी वाचलं: "मूलभूत सुविधांच्या न्याय्य हक्कासाठी झुंजणाऱ्या भोसरीच्या रणरागिणी..."

"थांब. कोण ही?"

"तुम्ही, काकू."

"ते काढ. आणि सुविधा-बिविधा काढ. बाईला लघवीला जायचं होतं, जागा नव्हती, मागितली तर हाकलून दिलं. एवढं लिही."

मी म्हणालो, काकू, पत्रकात असं बरं दिसत नाही.

त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "आम्हाला दिवसभर धरून बसवलं, ते बरं दिसलं का रे तुम्हाला?"

त्या गेल्या. पत्रक त्यांच्या शब्दांत छापलं आणि शेडच्या गेटवर वाटलं. बायकांनी घेतलं, घडी घालून डब्याच्या पिशवीत सरकवलं, माझ्याकडे बघितलं नाही. पुरुषांनी तिथेच वाचलं आणि एकमेकांना कोपर मारून हसले. एक शेठच्याही हातात पडलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून त्याने ते दोन बोटांत लांब धरलं. "शी," तो म्हणाला, "काय घान लिवलंय रे हे." मग केबिनमध्ये जाऊन त्याने साबणाने हात धुतले. शेडमध्ये बायकांसाठी अजून संडास नाही.