रेंज नसलेलं स्थळ

तक्रार मिटते, पण तक्रार करणारा माणूस डोक्यात राहतो. कान्हे फाट्यावर आमचं इंटरनेट जोडणीचं छोटंसं ऑफिस आहे. मालक भाऊ, वायर ओढणारा संतोष आणि फोन घेणारी मी. दिवसभर लोक माझ्या कानात नेट, मोबाईल, टॉवर, सरकार अशा सगळ्यांचा उद्धार करतात. मी "नोंद घेतली सर" म्हणते. कंपनीला जाते ती एका ओळीची नोंद, उरलेलं सगळं चहाबरोबर निघतं! त्यातलं थोडं सांगते.

* * *

आधी संतोषचं, कारण खरं दुखणं त्याचं होतं. हा पठ्ठ्या पार लोणावळ्यापर्यंत घराघरात नेट पोचवतो आणि टाकव्याच्या मळ्यातल्या त्याच्या स्वतःच्या घरी मोबाईलला रेंजच नाही. वय तिशीला टेकलेलं. नोकरी आहे, भाताची जमीन आहे, सुपारीचंही व्यसन नाही. तरी लग्न जमेना.

एका मुलीचे मामा घर बघायला आले. शेती किती, पाणी किती, काही विचारलं नाही. खिशातून मोबाईल काढला आणि हात वर करून अंगणभर फिरले. गोठ्यातही जाऊन आले. मग पोह्यांची बशी तशीच खाली ठेवून म्हणाले, "पोरगा लय चांगलाय. पन आमची पोरगी रील बघितल्याबिगर जेवत न्हाई!"

पुढच्या स्थळाने तर फोटो पाठवायच्या आधीच विचारलं, "रेंजच्या काड्या किती येतात?" भाऊंनी खरं ते सांगितलं. फोटो आलाच नाही. संतोष त्या दिवशी डबा न खाता परत घेऊन गेला, आणि मला खरंच वाईट वाटलं.

* * *

बरं, रेंज का नाही? तर संतोषच्या चुलत्यांमुळे, म्हणजे आबांमुळे. गावात टॉवर उभारायचा विषय ग्रामसभेत निघाला तेव्हा विरोधाचा पहिला हात आबांचा. "त्या लहरींनी इंद्रायणी तांदळाचा वास जाईल!" तांदळाचा वास म्हटल्यावर गाव गप्प. टॉवर गेला शेजारच्या गावात.

पुढे आबाच आमच्या ऑफिसात आले. "मॅडम, तक्रार लिवा."

"कसली, आबा?"

"आमच्या वाट्याची रेंज ते शेजारचं गाव खातंय!"

"अहो, टॉवर तुम्हीच घालवलात ना?"

"टॉवर नगो म्हनलो व्हतो. रेंज नगो म्हनलो व्हतो का?"

मी नोंद घेतली.

* * *

लोणावळ्यात भुशी धरणाच्या रस्त्याला एक बंगला आहे. मालक मुंबईचे, ते येतात शनिवार-रविवारी. दर शनिवारी फोन ठरलेला, "स्पीड विमानाचा सांगता आणि देता बैलगाडीचा!"

संतोष गेला, तर राउटरच सापडेना. त्याचे लुकलुकणारे दिवे बाईसाहेबांना भिंतीवर आवडत नव्हते, म्हणून तो लोखंडी कपाटात रजयांच्या खाली ठेवलेला! बाहेर काढा म्हटल्यावर साहेब चिडले. "इंटिरियरचा सगळा लुक जातो. टेक्नॉलॉजी एवढी पुढे गेली आणि तिला साधं कपाट ओलांडता येत नाही?"

संतोष शांतपणे म्हणाला, "मंग टीव्ही पन कपाटातच ठिवा साहेब. दोगं एकमेकांजवळ सुखानं ऱ्हातील."

त्या आठवड्यात आमच्या पेजवर एकच स्टार पडला.

* * *

माकडं हा आमच्या धंद्यातला वेगळाच विषय. घाटाकडच्या बाजूला वायर त्यांच्या तावडीतून सुटत नाही. कंपनीच्या ॲपमध्ये बिघाडाचं कारण निवडावं लागतं आणि त्यात 'माकड' नाही. भाऊंनी 'त्रयस्थ व्यक्ती' निवडलं. दुसऱ्या दिवशी मुख्य ऑफिसातून एक तरुण मुलगा फोनवर म्हणाला, "मॅडम, त्या व्यक्तीकडून नुकसानीचं लेखी घ्या."

मी म्हटलं, "ती व्यक्ती सध्या चिंचेवर आहे."

* * *

आमच्या दारासमोर करवंदं, रानभाज्या विकायला बसणाऱ्या सखूमावशी वरच्या ठाकरवाडीतल्या. मध्यंतरी कुठेही फोन लावला की आधी बाईच्या आवाजात ती फसवणुकीची सूचना वाजायची. ओटीपी देऊ नका, असं करू नका, तसं करू नका. आम्ही सगळे वैतागायचो. भाऊ म्हणायचे, "घरात साप निघाला तरी सर्पमित्राच्या आधी हिचं ऐका!"

मावशी मात्र सगळं ऐकून घ्यायच्या आणि मान हलवत म्हणायच्या, "व्हय बाई, न्हाई देत कुनाला."

ती सूचना बंद झाली तेव्हा मावशी फोन घेऊन माझ्याकडे आल्या. चेहरा काळजीचा.

"मॅडम, ती बाई हल्ली बोलत न्हाई. बरी हाय ना?"

* * *

आता घोरावाडीचं स्थळ. मुलगी पुण्यात एका मोबाईल कंपनीच्या कस्टमर केअरमध्ये नोकरीला. भाऊंनी ठरवलं, या खेपेला संतोषच्या घरी रेंज दाखवायचीच!

गावातल्या आमच्या खांबापासून मळ्यापर्यंत वायर न्यायची, तर मध्ये बाकीच्यांची शेतं. कायमची वायर कुणी नेऊ देईना, नांगराला आडवी येते म्हणून. पण "एका दिवसापुरती, पोराच्या लग्नासाठी" म्हटल्यावर सगळे तयार! बांधाबांधावर एकेक माणूस वायर उचलून पुढच्याच्या हातात देत होता. आबांच्या बांधावर आबा स्वतः उभे होते.

पाहुणे आले. मी पोहे करायला मदत म्हणून गेले होते. भाऊंनी पाण्याच्या तांब्याबरोबरच वायफायचा पासवर्ड दिला. मुलीचे वडील खूश! लगेच त्यांनी कुणाकुणाला व्हिडिओ कॉल लावून घर दाखवलं, गोठा दाखवला, म्हशीचा चेहरासुद्धा दाखवला. "मळ्यात असूनसुद्धा काय स्पीड आहे हो!"

वायफाय मिळताच मुलीचा फोनही वाजायला लागला. सुट्टी असूनही ऑफिसचेच व्हॉट्सॲप कॉल. ती एक घ्यायची, "सॉरी सर, बघते सर," म्हणायची, ठेवेपर्यंत दुसरा. पोह्यांचा एक घास तिच्या तोंडात गेला नव्हता. संतोष खाली बघत बसला होता.

शेवटी तिने फोन उलटा ठेवला आणि त्याला विचारलं, "हे बंद होतं का?"

भाऊ घाईने म्हणाले, "छे छे! आमची लाइन कधीच बंद पडत नाही!"

संतोष उठला आणि त्याने राउटरची पिन उपसली. वडिलांच्या व्हिडिओ कॉलवरची त्यांची बहीण बोलता बोलता थिजली. भाऊंनी डोक्याला हात लावला.

"बंद झालं," संतोष म्हणाला. "आन खरं सांगायचं तर हितं कधीच नव्हतं. वायर आजच्यापुरती मागून आनलीय. उद्या काढनार. मोबाईलला बी रेंज न्हाई."

वडील उभेच राहिले. "म्हणजे फसवताय आम्हाला?"

मुलगी उलटा ठेवलेला फोन बघत होती. तो वाजला नाही. तिने विचारलं, "अंगणात?"

"न्हाई."

"गच्चीवर?"

"तितं बी न्हाई."

"म्हणजे मी घरी आल्यावर मला कुणाचाच फोन येणार नाही? ऑफिसचासुद्धा?"

"न्हाई येनार," संतोष अगदी पडेल आवाजात म्हणाला.

तिने पोह्यांची बशी जवळ ओढली.

"बाबा, खाली बसा. मला पसंत आहे."