नातवाले ऊन पाह्यजे

ऊन नाई म्हणजे काय? रोज एकच ऐकून मी वैतागली बायांनो. माही पोरगी विलायतेत, उत्तरेकडच्या थंड जिल्ह्यात राह्यते. तिथंच बाळंतीण झाली. आपण लेकराले तेल चोळून कोवळ्या उन्हात निजवतो, तसं कर म्हणून मी रोज तिच्या मागं लागत होती.

आज दुपारी व्हिडिओ कॉलवर मी भडकलीच. "काऊन आळस करून राह्यली? लेकराची हाडं कच्ची राह्यतीन ना!"

तिनं फोन खिडकीकडं फिरवला. तिथं सकाळ होती, तरी घराघरात दिवे. बाहेर धुकं अन भुरभुर पाऊस. खिडकीखाली चटईवर पोरगं तेल लावून निजवलेलं.

"आई, रोज अशीच वाट पाह्यते वं," म्हणे, अन रडाले लागली.

इथं माह्या अंगणात एवढं ऊन पडलं होतं. मले तिथं बसवलं नाई.

तिथली थंडी म्हणे चैतापर्यंत सरत नाई. जावईबापू, तुम्हीबी ह्या ग्रुपवर हे वाचता. हीटर लावला म्हणून सांगू नका. तोवर मायलेकराले माह्याकडं आर्वीले पाठवता का नाई? रविवारपर्यंत सांगा, इथंच, सगळ्यांसमोर.