म्हाताऱ्याचे मासे विकायला बाई लागते

भंगारवाला दोरी घेऊन दारात उभा होता. दिनूशेठ मला म्हणाले, "प्लग काढ." मी काढला नाही. रघू तांडेलांनी पकडलेले मासे अजून विकायचे होते.

हे मासे मशीनमधले. मिरकरवाड्यात बंदराच्या वाटेवर दिनूशेठचं व्हिडिओ गेमचं दुकान आहे, तिथे मी कामाला आहे. कॉइन देणं, काचा पुसणं, अडकलेलं बटण सोडवणं हे माझं काम. दुकानातल्या सगळ्यात जुन्या गेमला आम्ही म्हातारा म्हणतो. खरं नाव कोणाला माहीत नाही, पडद्यावरची अक्षरं कुठल्या तरी परक्या देशाची आहेत. लाल टोपीचा एक म्हातारा ढगांतून होडी वल्हवतो आणि गळ टाकतो. गळाला मासे लागतात तसे बूट लागतात, छत्री लागते, कधी कधी गळ्यात घंटा बांधलेली बकरी लागते. दांडा जोरात ओढला तर म्हातारा होडीत बसून रडायला लागतो. त्याचं रडून होईपर्यंत काहीही दाबलं तरी उपयोग नाही.

मुलं आता मोबाइलवर खेळतात. म्हाताऱ्यासाठी खलाशी मात्र येतातच. दिवसभर मासे पकडून बोटीवरून उतरायचं, बर्फाने गारठलेले हात चोळायचे आणि इथे येऊन परत मासेच पकडायचे.

एक स्टेज, म्हणजे खेळाचा एक टप्पा, संपला की म्हातारा किनाऱ्याला लागतो. तिथे एक हॅटवाला बोटांनी भाव दाखवतो. जास्त बोटं दाखवली की बटण दाबायचं, मासे विकले जातात. उशीर केला तर मांजर मासे नेते. सोपं आहे. पण आमच्याकडे पुरुष मासे पकडतात आणि बायका विकतात. त्यामुळे हॅटवाला दिसला की भलेभले बटणावरचा हात काढून घेतात. रघू तांडेल स्वतःची बोट चालवतात, वादळाला भीत नाहीत. तेसुद्धा म्हणतात, "वैनी, जरा विकून दे गो."

मी विकून देते. खऱ्या लिलावात माझा आवाज फुटत नाही, म्हणून मी माशांची पाटी सोडून या कामाला लागले. इथे ओरडावं लागत नाही. मी कामात असले तर लिलावाहून परतणाऱ्या भागीमावशी येतात. त्या मात्र हॅटवाल्याशी भांडतात. "तीन बोटं? लाज वाटते का तुला?" तो पाचावर जातो. तो तसाही जातो, पण मावशींना हे कोण सांगणार?

शेठना हे आवडत नव्हतं. "गेमचं दुकान आहे की मासळी बाजार? वास येतो नुसता." त्यांनी मोटारसायकलवर बसून खेळायची नवी मशीन ठरवली. या मशीनना कार्ड लावायचं, कॉइन नको, म्हणजे कॉइन देणारी बाईही नको.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"सासूची पाटी आहे ना घरात?"



तर आता म्हाताऱ्याला न्यायला भंगारवाला आला होता आणि तांडेल मशीनसमोरून हलत नव्हते.

"होडी भरलेली आहे, शेठ. विकल्याशिवाय कशी बंद करायची?"

"तुम्ही सरा. मी विकतो एका मिनिटात," शेठ म्हणाले आणि बटणावर बोट ठेवून उभे राहिले.

हॅटवाल्याने दोन बोटं दाखवली. मग चार. शेठचं बोट जागचं हललं नाही. शेठही मासे पकडणाऱ्यांच्याच घरातले.

भागीमावशी डोक्यावर पाटी घेऊन दारात उभ्या होत्या. "दाब की, दिनू. तुझ्या बापाने जन्मात एक बांगडा विकला नाय. तू विक."

पाच बोटं आली आणि गेली. पडद्याच्या कोपऱ्यात मांजराची शेपटी दिसली.

"वैनी," शेठ हळूच म्हणाले, "ये गो जरा."

मी जाऊन बटण दाबलं. मांजर रिकामं परत गेलं. म्हातारा नाचला, पुढची स्टेज सुरू झाली. शेठनी दांडा धरला तो सोडलाच नाही.

"जोरात ओढू नका, रडेल," तांडेल म्हणाले.

"मला शिकवू नका."

बकरी लागली. भंगारवाल्याने दोरी खाली ठेवली आणि जवळ आला. "बकरी कशाला?"

"ते कोणालाच माहीत नाय," शेठ म्हणाले. "गप बघ."

शेवटी भंगारवाल्याने दुकानातला बंद पडलेला फ्रीज नेला. जाताना दोनदा मागे वळून बघितलं.

नवी मशीन आली. ती कोपऱ्यात आहेत, कार्डावर चालतात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की शेठ मासे पकडतात आणि मला हाक मारतात. माझी नोकरी आहे.

मला यातून एवढंच कळलं. एखादी वस्तू भंगारात द्यायची असेल तर आधी बंद करावी. चालू असताना मालकाने तिला हात लावू नये.