आक्काचा उजवा हात

माझी आक्का कॅन्सरनं गेली नाही. बांगड्या भरून गेली.

आज वर्ष झालं. कमेंटमध्ये कुणी 'देवाची इच्छा' लिहिणार असाल तर कृपा करा, गप्प बसा.

छातीच्या ऑपरेशनमध्ये तिच्या काखेतल्या गाठी काढल्या होत्या. कॅन्सर बरा झाला, पण उजवा हात सुजायला लागला. हातातलं पाणी वर परत जायची वाटच बंद झालेली.

बेळगावातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला एक मालिश शिकवलं.
तेल नाही, जोर नाही. आधी मान, मग दुसऱ्या बाजूची काख, मग हात. कातडी नुसती हलकेच सरकवायची आणि वरून पट्टी बांधायची.
ताकीद एकच. या हाताला साधा ओरखडासुद्धा नको, इन्फेक्शन झालं तर जिवावर बेतेल.

ऑफिस सुटलं की मी पिरनवाडीला तिच्या घरी जायचे.
आक्का हसायची. "हे काय मालिश म्हणायचं गं? मुंगी चालल्यागत वाटतंय."
पण सूज उतरत होती. लई दिवसांनी तिनं स्वतःच्या हातानं वेणी घातली.

मग निपाणीला दाजींच्या पुतण्याचं लग्न निघालं.
चुडा भरायला बायका कासारापुढं बसल्या. आक्काच्या नणंदेनं तिची पट्टी सोडायला लावली. सवाष्णीचा हात मोकळा बरा दिसत नाही म्हणे.
मी म्हटलं, डाव्या हातात भरा, डॉक्टरांनी बजावलंय. तर मलाच 'लई शहाणी' म्हणून गप्प केलं. कासार बिचारा नको म्हणत होता. त्याला साबण आणून दिला.

दाजी दारात उभे होते. सगळं बघत होते.

शेवटी आक्काच म्हणाली, "असू दे गं. लग्नघरात वाद नगो."

एक बांगडी पिचली. काच मनगटात घुसली, रक्त आलं.
माझ्या तोंडून 'फुटली' असं निघालं, तर नणंदबाई माझीच चूक काढतात. फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं.
वर हळद दाबली आणि पुढची बांगडी चढवली.

दुसऱ्या दिवशी हात लालभडक, अंगात ताप. ऊन लागलं म्हणाले. दृष्ट काढत बसले.
मी लग्न उरकून घरी परतले होते, फोनवर ओरडले तेव्हा कुठं दवाखान्यात हलवलं. मी पोचेस्तोवर आक्का मला ओळखत नव्हती.
इन्फेक्शन असताना मालिश करायचं नसतं, हेही मला शिकवलेलं. म्हणून नुसती शेजारी बसून राहिले.

मयताला बायका म्हणत होत्या, अहेव गेली, पुण्यवान बाई.
कसलं डोंबलाचं पुण्य! जगायचं होतं तिला.

आज वर्षश्राद्धाला त्याच नणंदेनं मला माहेरची सवाष्ण म्हणून पाटावर बसवलं आणि हिरव्या बांगड्या पुढं केल्या.
मी हात मागं घेतला. जीव घेऊन झाला, आता तिच्या नावानं माझ्या हातात बांगड्या भरू नका, असं तोंडावर सांगितलं.

दाजी पुटपुटले, "जाऊ दे. तिचं नशीब."

"नशीब न्हवं, दाजी. तुम्ही दारात उभे होता."

भरलं ताट सोडून उठले. तडक घरी आले आणि हे लिहिलं. कुणाला राग आला तर येऊ दे.

आक्का, जा आता सुखानं.
तिथं तरी कुणाचं मन मोडेल म्हणून हात पुढं करू नको गं.