‘येतो’ म्हणणारी नायिका

समस्त मराठी रसिकजनांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, मल्लेश्वरममधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, एका शनिवारी संध्याकाळी, तिसऱ्या अंकाच्या शेवटी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी विष पिऊन मरणार होते. तयारी चोख होती. प्रियकर आधीच मरून पडला होता. पेल्यात विष म्हणून गुळाचं पानक भरलेलं होतं. तरीही मी मेले नाही. व्याकरण आडवं आलं.

आमचं घराणं बेंगळुरात तीनशे वर्षांपासूनचं. कुणा सरदाराच्या मागून आलो आणि राहिलो. बाहेर कन्नड, घरात मराठी. आणि त्या घरातल्या मराठीत बायकासुद्धा ‘मी येतो’, ‘मी जातो’ असंच म्हणतात. आई तसंच म्हणायची, आत्या तसंच म्हणायची. मी लिहिताना शहाण्यासारखं ‘म्हणते’ लिहिते. तोंडानं आजही ‘म्हणतो’च म्हणते. कुणाला खटकत असेल तर त्यांनी कानात बोटं घालावीत.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं तेव्हा नव्या सरकारी कारखान्यांसाठी पुण्याचे इंजिनियर गाड्या भरभरून उतरू लागले. आमच्या मराठी मंडळात तोवर आमच्यासारखी जुनी घरंच होती. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, मंडळाचे अध्यक्ष. पुणेकर आले आणि पहिल्याच सभेत म्हणाले, नाटक करू या. नाटकही असं निवडलं की विचारू नका: दोन घराण्यांचं जुनं वैर, एका घरचा मुलगा, दुसऱ्या घरची मुलगी, चोरून प्रेम, आणि शेवटी दोन प्रेतांपुढे रडणारे दोन बाप. नायिकेच्या कामाला मुलगी मिळेना. अण्णा नाटकाचे भलते शौकीन. त्यांनी मला उभं केलं, पण दोन अटींवर. नायकानं हातभर लांब राहायचं, आणि माझी आत्या, जिला सगळं घर अक्का म्हणे, तिनं प्रत्येक तालमीला बसायचं.

पहिल्या तालमीहून निघताना मी सगळ्यांना म्हटलं, “उद्या येतो हं.” पुणेकर मंडळी माझ्या मागे पाहू लागली, कोण पुरुष बोलला म्हणून. दुसऱ्या दिवशी नायक, म्हणजे विमानाच्या कारखान्यातला एक उंच, हडकुळा इंजिनियर, मला म्हणाला, “काल तुमच्याबरोबर तुमचा भाऊ आला होता का? दिसला नाही, नुसता ऐकू आला.”

“तुमच्याकडे बायका ‘ते’ लावून बोलतात,” मी म्हटलं, “म्हणून भांडणात हरत असतील.”

“माझ्या आईला भेटला नाहीत अजून,” तो म्हणाला. त्या वाक्यावर मी हसले, आणि तिथंच घात झाला.

महिन्याभरात त्यानं आईला सगळं सांगितलं. आई, म्हणजे माझ्या काकू, पुण्याला शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या. त्या आमच्याकडे रीतसर मला बघायला आल्या. अण्णांनाही मुलगा मनातून आवडला होता. सगळं गोड चाललं होतं. मी उठले आणि म्हटलं, “काकू, कॉफी आणतो.”

काकूंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. “कोण आणतो?”

“मी.”

“अगं बाई!” काकू हसत सुटल्या. “उद्या सून म्हणून घरी न्यायची, तर लोक विचारतील, जावई आणलात काय!”

अण्णा हसले नाहीत. “आमची मराठी तीनशे वर्षांची आहे बाई. तुमची काल गाडीतून उतरली.”

“तीनशे वर्षांत ताजी कशी राहील?” काकू म्हणाल्या.

“सरी,” अण्णा म्हणाले. सरी म्हणजे ठीक. पण अण्णांनी ते ज्या सुरात म्हटलं, त्याचा अर्थ दार असा होता. “कॉफी घ्या आणि निघा.”

झालं. एका ‘तो’ आणि एका ‘ते’वरून वैर पेटलं. काकूंनी मुलाला बजावलं, त्या घरची मुलगी आपल्या उंबऱ्यात नको. अण्णांनी आठवड्याच्या आत म्हैसूरच्या वकिलाच्या मुलाचं स्थळ काढलं आणि सुपारी ठरवली ती नेमकी नाटकाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी. पाहुणे आलेलेच असतील, हे कारण. मी म्हटलं, मला नको. अण्णा म्हणाले, “तुला विचारलं कुणी?” मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी तालीम होती म्हणून जेवले.

नाटक मात्र रद्द करता येईना. बोर्ड लागले होते, प्रमुख पाहुणे ठरले होते, अध्यक्षांची अब्रू होती. तेव्हा नवा हुकूम निघाला: नाटकातलं वाक्य सोडून एकमेकांशी एक अक्षर बोलायचं नाही. अक्काच्या हातात नाटकाची वही दिली गेली, ओळ न् ओळ ताडून बघायला.

आता अक्का शिकलेली कन्नड शाळेत. देवनागरी ती अक्षर अक्षर जोडून वाचायची. ती एका ओळीच्या मध्यावर पोचेपर्यंत आमचं पान संपलेलं असे. मग काय!

“हे राजकन्ये,” तो हात छातीवर ठेवून म्हणे, “म्हैसूरच्या त्या नराधमाचा होकार आला काय?”

“आला, प्राणनाथ! येत्या रविवारी सुपारी फुटणार!”

“मग तू काय निश्चय केलास?”

“काहीही झालं तरी त्या घरी जाणार नाही, हाच माझा निश्चय! आपण आपल्या मातोश्रींना कधी सांगणार?”

“योग्य वेळ येताच, प्रिये!”

“मी आणखी स्वल्प दिवसच थांबू शकतो, नाथ!” ‘स्वल्प’ हे नाटकातलं नव्हे, आमच्या घरातलं रोजचं ‘जरा’.

अक्का वहीत बोट ठेवून पदरानं डोळे पुसत म्हणायची, “किती छान लिहिलंय की!”

पण योग्य वेळ काही येईना. त्याला आईपुढे तोंड उघडायचं धैर्य नव्हतं, आणि शनिवार उजाडला. हॉल गच्च भरला. पहिल्या रांगेत एका टोकाला शाल पांघरून अण्णा, दुसऱ्या टोकाला काकू, मधे प्रमुख पाहुणे. म्हैसूरचे वकीलही सहकुटुंब आले होते, सून कशी दिसते पाहायला.

शेवटचा प्रवेश आला. तो पायाशी मरून पडला होता. मी पेला उचलला. खरं सांगते, मला रडू आलं ते नाटकाचं नव्हतं. उद्या सकाळी माझी सुपारी होती आणि हा माणूस डोळे मिटून आरामात पडला होता. दोन महिने घोकलेलं शेवटचं वाक्य होतं, “थांबा नाथ, मी येते!” मी हुंदका दिला आणि तोंडातून निघालं, “थांबा नाथ, मी येतो!”

पुणेकरांच्या रांगा खदखदून हसल्या. आणि काकू, जन्मभराच्या सवयीनं, खुर्चीतून मोठ्यानं म्हणाल्या, “येते! येते म्हण!”

अण्णा उठले. “का म्हणून? आमच्यात येतोच म्हणतात!”

“शोकांतिका आहे ही, हो! निदान मरताना तरी बाईनं बाईसारखं मरावं!”

“आमच्या बायका अशाच मरतात!”

 सगळे माझ्याकडे बघत होते. पहिल्यांदा जीभ घसरली होती. आता घसरणार नव्हती. मी पेला खाली ठेवला, पदर खोचला, काकूंकडे बघितलं आणि एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, “येतो. येतो. येतो.”

तेवढ्यात पायाशी हालचाल झाली. प्रेत उठून बसलं. मिशी अर्धी निघालेली, कपाळावर लाल रंग. ते घसा खाकरून म्हणालं, “आई, ती येतो म्हणो की येते म्हणो, येणार आपल्याच घरी!”

जो काही गलका झाला! वकीलसाहेब सहकुटुंब उठले. वही हातात घेऊन अक्का विंगेतून अर्धी रंगमंचावर आली. मी हात जोडून म्हटलं, “अण्णा, उद्याची सुपारी नाही. मी ह्यांच्याकडेच जातो.”

काकू उभ्या होत्या. मुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पोरगा जन्मात पहिल्यांदा उलटून बोलला होता, तोही मेल्यावर. त्या हळूच खाली बसल्या आणि पुटपुटल्या, “ये बाई. कशीही ये.”

राहिले अण्णा. शाल घसरून जमिनीवर पडली होती. ते एकदा रिकाम्या झालेल्या वकिलांच्या खुर्च्यांकडे बघत, एकदा घड्याळ पाहणाऱ्या प्रमुख पाहुण्यांकडे, एकदा माझ्याकडे. मी नजर खाली केली नाही.  मंडळाच्या अध्यक्षांनी शाल उचलून खांद्यावर टाकली, आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असे ओरडले:

“आधी दोघं स्वल्प नीट मरा की! लग्नाचं मग बघू!”