बाचं तिसरं कडवं

बाचं गाणं मी बंद पाडलं. आजवर हे कुणाला सरळ सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडावं तर लोक लगेच “वय झालं होतं हो त्यांचं” म्हणून माझी सुटका करून टाकतात. मला ती सुटका नको आहे.

बा आमच्या मोताळ्याकडच्या एका गायनपार्टीचा मुख्य गायक. एरवी दुसऱ्याच्या वावरात राबायचा, पण लग्न असो की बुद्धपौर्णिमा, स्वतः जुळवलेली गाणी उभ्यानं गायचा. सोबत एक पेटी, एक ढोलकी, मागं कोरस देणारे दोघं. त्याला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे सगळी गाणी डोक्यात.

मी रेल्वेत खलाशी म्हणून भुसावळला चिकटलो. तिथल्या एका अँग्लो-इंडियन गार्डसाहेबांनी मला आपली जुनी गिटार दिली आणि जॅझ शिकवलं. त्यांचा एक नियम होता: गाणारा थांबला की जागा तुझी, मग मनाला येईल तसं वाजव. पुढं त्यांच्या पुतण्यानं मुंबईहून लांब केसांच्या गोऱ्या पोरांच्या तबकड्या आणल्या. त्यात एकच सूर भोवळ येईपर्यंत घुमत राहायचा. मला त्याचं वेडच लागलं. आईच्या जात्यावरच्या ओव्यांच्या चालीवर मी गाणी रचू लागलो, त्यांना हे सगळं चिकटवू लागलो, आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो.

त्या उन्हाळ्यात रजेवर घरी आलो तर बा पार वाळलेला. आई म्हणाली, “तुह्या बापाले आता दम पुरत नाही. शब्दबी इसरते. मांगच्या लग्नात पेटीवाल्यानं सांभाळून घेतलं.” पार्टीतले लोक दुसरा गायक बघायचं बोलत होते आणि बाच्या कानावर ते आलं होतं. गाणं सुटलं असतं तर त्याच्याजवळ राहिलं काय असतं?

एका सकाळी तो मला म्हणाला, “उंद्रीले लग्न हाय. माह्यासंगं उभा राह्यशील?”

“मले तुमची गाणी कुठं येतात, बा? माही तऱ्हा येगळी हाय.”

“मुखडा तं येते ना? बस झालं.”

मी हसलो. मला वाटलं, बाला पोराची गिटार मिरवायची आहे.

आमच्या गायनपार्टीत एक रीत होती. मुख्य गायक अडखळला, खोकला, शब्द विसरला, की बाजूच्यानं त्या क्षणी मुखडा उचलायचा. तेवढ्यात गायकाला दम मिळतो, शब्द आठवतो, आणि मांडवात कुणाला काही कळत नाही. हे कुणी शिकवत नाही. मी तर लहानपणापासून ऐकत आलो होतो.

उंद्रीला लग्न लागलं, पंगती बसल्या, गाणं सुरू झालं. बाचा आवाज इतका स्वच्छ लागला की मला भरून आलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याची पहिली ओळ त्यानं घेतली आणि थांबला. कोरसवाले माझ्याकडे बघत राहिले, कारण त्या दिवशी बाच्या बाजूला मी होतो आणि मान माझा होता.

मी डोळे मिटले आणि वाजवायला लागलो. गार्डसाहेबांचे वाकडे सूर, तबकडीतला तो घुमणारा सूर, तारा ओढून ओढून सगळं काढलं. मला वाटलं, बानं मला जागा दिली. आपलंच घोडं दामटत राहिलो. डोळे उघडले तेव्हा पंगतीतले हात थांबले होते. बा तोंड किंचित उघडं ठेवून माझ्याकडे बघत उभा होता.

“अबे, बुढा इसरला,” पंगतीतून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले. पेटीवाल्यानं घाईनं मुखडा उचलला, पण तोवर बा खाली बसला होता.

परतताना मला राग आला होता, तोही बाचाच. चिखलीच्या स्टँडवर मी त्याला विचारलं, “खूण तं करायची, बा. काऊन गप उभे राह्यले?”

“खूण काय करू?” तो म्हणाला. “मले वाटलं, तू उचलशील.”

त्याचा आवाजसुद्धा चढला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर बा कुठंही गायला नाही. बोलावणं आलं की “आता पोट्टे गातीन” म्हणून परत पाठवायचा. पुढच्या रजेत मी वही घेऊन त्याच्यासमोर बसलो. बरीच गाणी त्यानं सांगितली. उंद्रीच्या त्या गाण्याचं तिसरं कडवं मात्र त्याला आठवेना. दोनदा मुखड्यापासून सुरू करून पाहिलं, मग म्हणाला, “राहू दे.” पावसाळ्यात तो गेला.

मी पेटीवाल्याकडे गेलो, कोरसवाल्यांकडे गेलो. त्यांना फक्त मुखडा पाठ होता. कोरसला तेवढाच लागतो.

ते गाणं मी अजून गातो. दोन कडवी होतात, आणि पुढं शब्दच नाहीत म्हणून गिटार वाजवतो. लोकांना नेमकी तीच जागा आवडते. टाळ्या तिथंच पडतात.